बर्गंडी : द्राक्षबागा आणि वाइनपरंपरा

बर्गंडी (फ्रेंच उच्चार बूर्गोन्य) हा पूर्व-मध्य फ्रान्समधील वाइनसाठी ख्यातनाम प्रदेश. उत्तरेस शाब्लीपासून दक्षिणेस माकोंपर्यंत त्याच्या बागा पसरल्या आहेत; मात्र त्याची कीर्ती मुख्यतः दिजों शहराच्या दक्षिणेस सुरू होणाऱ्या कोत द'ओर या टेकड्यांच्या रांगेमुळे आहे. सोन नदीच्या मैदानाकडे उतरणारी ही पूर्वाभिमुख रांग सुमारे ५० किमी. लांब आहे आणि तिच्यावरील बागांचा पट्टा बहुतेक ठिकाणी जेमतेम एक-दोन किमी. रुंद. लाल वाइन पिनो न्वार या द्राक्षाची, पांढरी शार्दोनेची. एवढ्याशा पट्ट्यात बागांचे १,२४७ स्वतंत्र, नावे असलेले तुकडे आहेत. त्यांना ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसायादीत समावेश केला. रोमाने-कोंती हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तुकडा दोन हेक्टरही भरत नाही.

या वैभवाचे श्रेय सहसा मातीला दिले जाते. मातीचा वाटा खराच आहे. ज्युरासिक काळातील चुनखडक आणि चुनखडीमिश्रित चिकणमाती यांचे थर भूस्तरभंगांमुळे असे तुटले आहेत, की शंभर पावलांवर जमीन बदलते. उताराच्या मध्यभागी पाण्याचा निचरा चांगला होतो आणि ऊनही भरपूर मिळते; पायथ्याशी माती खोल व ओली, तर माथ्यावर ती विरळ आणि हवा थंड. परंतु जमिनीत फरक असणे वेगळे आणि तो फरक ओळखून, त्याला नाव देऊन शतकानुशतके जपणे वेगळे. हे दुसरे काम माणसांनी केले आणि बर्गंडीचा खरा वारसा तोच आहे.

पुरावा इतिहासात जागोजागी सापडतो. १०९८ मध्ये सितो येथे सिस्टर्शियन मठ स्थापन झाला. त्याच्या साधूंनी बाराव्या शतकापासून वूजो येथील जमिनी दानात व खरेदीत मिळवल्या, बागा लावल्या आणि पुढे त्यांभोवती दगडी भिंत घातली. हीच सुमारे ५० हेक्टरांची क्लो द वूजो. संस्थेला मरण नसते, त्यामुळे एकाच जमिनीचे निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. खाजगी मालकाला हे क्वचितच जमले असते. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणारी गामे ही जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. मातीनेच सारे ठरवले असते, तर या हुकुमाची गरज पडली नसती. शेतकऱ्याला उत्पन्न हवे होते, ड्यूकला आपल्या वाइनचे नाव राखायचे होते. हुकुमानंतरही गामे शतकानुशतके टिकून राहिली, म्हणजे हा झगडा अखंड चालू होता. बोन येथे १४४३ मध्ये निकोला रोलँ या कुलपतीने स्थापिलेल्या रुग्णालयाला दात्यांनी बागा अर्पण केल्या. १८५९ पासून त्यांच्या वाइनचा सार्वजनिक लिलाव होतो.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने वारसांना समान वाटणी दिली आणि बागांचे तुकड्यांत तुकडे झाले. क्लो द वूजोचे आज सुमारे ८० मालक आहेत. कोणाकडे वेलींच्या मोजक्याच ओळी. म्हणून येथे बागेच्या नावाइतकेच उत्पादकाचे नाव पाहावे लागते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की क्लिमांची थोरवी व्यापाऱ्यांनी रचलेली आहे. १९३४ मध्ये मंदीच्या काळात स्थापन झालेल्या तास्तव्हँ बंधुमंडळाने मेजवान्या आणि झगे यांतून परंपरेचा देखावा उभा केला, हे खरे. तरीही सीमा त्याआधीच्या आहेत: लाव्हाल यांचे प्रतवारीचे पुस्तक १८५५ चे, बोनच्या कृषी समितीचा नकाशा १८६१ चा. १९३६ पासूनच्या मूळस्थान-नामांकनाच्या नियमांनी त्यांनाच कायद्याचे बळ दिले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्लो द वूजोच्या भिंतीआड वरची जमीन उत्तम निचऱ्याची, तर रस्त्याकडची चिकण आणि ओली; तरी संपूर्ण बागेला ‘ग्रां क्रू’ हा सर्वोच्च दर्जा आहे. येथे सीमा मातीला धरून नाही, हे मान्य करावेच लागते. पण त्यातून मूळ विधान खोटे न ठरता पक्केच होते. येथे रेषा मालकीने आखली आणि कायद्याने ती तशीच ठेवली.

हा वारसा स्थिरही नाही. १८७८ मध्ये कोत द'ओरमध्ये फायलोक्सेरा ही मुळे पोखरणारी कीड आढळली. जुन्या वेली गेल्या. अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून नव्या बागा उभ्या राहिल्या. (महाराष्ट्रातील बागाईतदारही डॉगरिजसारख्या अमेरिकी खुंटांवर कलमे करतात, पण मुख्यतः खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई यांसाठी.) पूर्वी फांदी जमिनीत दाबून दाटीवाटीने वाढवलेल्या वेली आता तारांवर ओळीने चढल्या. आज पाहुण्यांना दिसणारी ‘प्राचीन’ बाग या अर्थाने दीडशे वर्षांचीही नाही.

आता हवामान बदलते आहे. बोन येथील द्राक्षतोडणीच्या नोंदी १३५४ पासूनच्या आहेत. १९८८ नंतर तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होते, असे त्यांवरून दिसते. द्राक्षे लवकर पिकली की साखर वाढते, आंबटपणा घटतो. कोत द'ओरच्या मागे, थंडीमुळे गौण ठरलेल्या ओत-कोत या भागाच्या उंच उतारांवर आता पिनो न्वार पूर्वीपेक्षा नीट पिकू लागली आहे. प्रतवारीचे नियम मात्र अजून जुन्या हवामानाच्या अनुभवावर बेतलेले आहेत.