अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप कोण?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सवडीनं वाचा. पण ज्यांच्या घरात, नात्यात किंवा शेजारी बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे आणि ते सोळा-सतराचं झालंय, त्यांनी आजच वाचा.

सातबाऱ्यावर नावापुढे 'अपाक' लिहिलेलं पाहिलंय ना? मूल अज्ञान असेपर्यंत आई किंवा बाप पालक म्हणून त्याच्या वतीनं सही करतो. अठरा पूर्ण झाली की अर्ज करून हा शेरा कमी करून घ्यायचा. मूल सज्ञान झालं, आईबापाचं सहीचं काम संपलं. आता ज्या मुलाला नोटा मोजता येत नाहीत, सही म्हणजे काय हे समजत नाही, त्याचीही अठरा वर्षं तशीच पूर्ण होतात. शेरा कमी होतो आणि त्या जागी काहीच येत नाही.

माझा धाकटा भाऊ असाच आहे. बाबांनी त्याच्या नावावर ठेवलेली ठेव मोडायची वेळ आली तेव्हा बँकेतले साहेब म्हणाले, "काका, तुम्ही वडील आहात हे मान्य. पण खातेदार सज्ञान आहे, तुमची सही चालणार नाही." बाबा चिडले होते. पण साहेब नियमानंच बोलत होते. ज्या नियमावर ते बोट ठेवत होते त्याच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो बहुतेक पालकांपर्यंत पोचलेलाच नाही.

इंग्रजांच्या १९१२ च्या लुनसी कायद्यात 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच जन्मापासून बुद्धी कमी असलेली माणसंही घातली होती. आजार वेगळा आणि बौद्धिक अपंगत्व वेगळं, हा फरक त्या कायद्याला ठाऊकच नव्हता. तरी एक होतं. मालमत्तेची व्यवस्था बघायला जिल्हा न्यायालयातून माणूस नेमून घेता यायचा. त्यासाठी आपल्या मुलाला कोर्टात वेडा ठरवून घ्यावं लागायचं. किती घरांनी ते केलं असेल, तुम्हीच विचार करा.

१९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा आला आणि एप्रिल १९९३ पासून लागू झाला. त्यानं मानसिक रुग्णाच्या व्याख्येतून 'मतिमंदत्व' बाहेर काढलं. हे योग्यच होतं. गतिमंद मूल म्हणजे रुग्ण नव्हे, त्याची जागा वेड्यांच्या इस्पितळात नाही, हे पालक आणि शिक्षक कधीचे सांगत होते. पण जुना दरवाजा बंद करताना नवा कुणी उघडलाच नाही. १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांपुरता. मग अठरा ओलांडलेल्या मतिमंद माणसाचा पालक कुठल्या कायद्यानं नेमायचा? उच्च न्यायालयात जाण्याइतका पैसा आणि धीर असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर उत्तर नव्हतं.

पालक तोवर गप्प बसले होते असं नाही. आपल्या राज्यातल्या बऱ्याच चांगल्या शाळा सरकारनं नाही, आईबापांनी काढल्या. मुंबईत जय वकील यांची शाळा १९४४ ची, आपल्या मुलीसाठी सुरू केलेली. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. तिला शाळा मिळेना म्हणून १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी राहिली. (त्याच मालिनी छिब यांनी पुढं स्वतःचं पुस्तक लिहिलं. एका बोटानं टाइप करून.) आणि आपल्या नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी सुरू केली, तीही स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं. नाशिककरांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

पण शाळेलाही वयाची मर्यादा असते. मुलं मोठी झाली, आईबाप म्हातारे झाले, आणि पालकसभेत एकच वाक्य फिरू लागलं: आमच्यानंतर काय? हे नुसतं रडगाणं नव्हतं. घर कुणाच्या नावावर करायचं, औषधोपचाराला संमती कोण देणार, पेन्शन कोण उचलणार, काका-मामांनी वाटा गिळला तर दाद कोण मागणार, असे रोकडे प्रश्न त्यात होते.

संमती कोण देणार, हा प्रश्न किती भयंकर होऊ शकतो ते महाराष्ट्रानं फेब्रुवारी १९९४ मध्ये पाहिलं. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात झाल्या. पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला आणि सरकारला पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. त्या वेळी सगळे पालक एका बाजूला नव्हते, हेही सांगायला हवं. ज्यांनी वर्षानुवर्षं एकटीनं सगळं निस्तरलं त्या काही आयांना ते चूक वाटत नव्हतं. मी त्यांना दोष देणार नाही. पण ज्या मुलींच्या अंगावर सुरी चालली त्यांच्या बाजूनं बोलायला त्या खोलीत कोण होतं?

१९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला. आरक्षण आलं, सवलती आल्या. पण पालकत्वाचा प्रश्न त्यातही सुटला नाही. गावोगावच्या पालक संघटना एकत्र येऊन 'परिवार' हा देशपातळीवरचा महासंघ याच सुमारास उभा राहिला. दिल्लीत खेटे घातले गेले, आणि डिसेंबर १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा, म्हणजे नॅशनल ट्रस्ट अॅक्ट, मंजूर झाला. सरकारनं १०० कोटींचा निधी एकदाच देऊन ठेवला. चार गटांसाठी हा कायदा आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता. न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांसाठी जागा राखलेल्या आहेत.

कायद्यातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे स्थानिक स्तर समिती. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, असे तिघं. अठरा ओलांडलेल्या मुलासाठी आई, बाप किंवा नातेवाईक या समितीकडं अर्ज करू शकतात. स्वतःसाठीच असं नाही, विश्वासाच्या कुणाही माणसाचं नाव सुचवता येतं. कोर्ट नाही, वकील नाही. समितीनं आधी बघायचं असतं की पालकाची खरंच गरज आहे का आणि कशासाठी. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. त्यानं हयगय केली, छळ केला किंवा पैसे खाल्ले तर त्याला काढून टाका असा अर्ज करता येतो. काका-मामांच्या भीतीला उत्तर आहे ते इथं. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना आहे, १ लाखापर्यंतची. ओपीडी आणि थेरपीचा खर्चही तीत बसतो. तालुक्याच्या गावांत कितीतरी घरांनी तिचं नावही ऐकलेलं नाही.

मग सगळं छान झालं का? नाही. भारतानं २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. तो करार म्हणतो, अपंग माणसाला कायद्यापुढं इतरांइतकंच स्थान आहे. त्याच्या जागी निर्णय घेऊ नका, त्याला निर्णय घ्यायला मदत करा. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका मतिमंद तरुणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. बलात्कारातून तिला दिवस गेले होते आणि तिला मूल हवं होतं. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आलं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्या माणसाशी बोलून. १९९९ च्या कायद्यातलं पालकत्व मात्र तसंच राहिलं. आज दोन्ही कायदे शेजारी शेजारी उभे आहेत आणि दिव्यांग चळवळीतले लोक आणि पालक यांच्यात त्यावरून खटके उडतात.

मला विचाराल तर तत्त्व चळवळीचं बरोबर आहे. माझा भाऊ कुठला शर्ट घालायचा, कुणाकडं राहायला जायचं, कुणाकडं नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याचं मत नाही असं म्हणणं खोटं आहे. पण काउंटरवरच्या माणसाला 'मर्यादित' काही समजत नाही. त्याला शिक्का लागतो. हा शिक्का आधी मिळवा आणि घरात मात्र मर्यादित पालक म्हणूनच वागा, असं मी भेटणाऱ्या कुटुंबांना सांगतो.

मानसिक आजार असलेल्यांच्या घरांचं दुखणं वेगळंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जुना कायदा रद्द केला आणि मालमत्तेसाठी पालक नेमायची जुनी तरतूदही त्याबरोबर गेली. उपचारापुरता नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पैशाअडक्याचं काय? १९९३ ची गोष्ट पुन्हा घडली म्हणायची.

एक छोटी लढाई सांगतो, कारण ती पालकांनी रेटली. दिव्यांग मुलासाठी विमा काढला की आयकरात सवलत मिळते, पण अट अशी होती की मुलाला पैसे मिळणार ते पालक वारल्यावरच. म्हणजे बाप सत्तरीचा, कमाई बंद, मूल पन्नाशीकडं, आणि त्याचे पैसे बापाच्या मरणाची वाट बघत पडलेले. एक पालक सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१९ मध्ये निकाल विरोधात गेला, पण या तरतुदीचा फेरविचार करा असं न्यायालयानं सरकारला सुचवलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात ती अट सैल झाली. आता पालक साठीचा झाल्यावर मुलाला रक्कम सुरू होऊ शकते.

तर, मूल सतरा-साडेसतराचं असेल तर दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड आत्ताच अद्ययावत करून घ्या. अठरा पूर्ण झाल्यावर लगेच अर्ज करा. समितीची बैठक कधी झाली आणि पुढची कधी आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. तोंडी विचारलं तर 'बघू' म्हणतात. आणि पालक म्हणून एकट्या आईचं किंवा बापाचं नाव घालून थांबू नका, आपल्या पश्चात कोण हेही ठरवा. ते नाव बहिणीचं किंवा भावाचं असेल तर त्याला आधी विचारा, त्याच्या बायकोला किंवा तिच्या नवऱ्यालाही विचारा. मला विचारलं होतं, म्हणून सांगतो.

नाशिक परिसरात कुणाला अर्ज भरायला मदत हवी असेल तर निरोप द्या. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. दाखला, आधार आणि फोटो आणा, आणि येताना मुलालाही घेऊन या. त्याच्यासमोरच भरू.