आठ आणे, एक रुपया आणि आपल्या लेकरांचा पुरस्कार

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. या निमित्ताने क्रिकेट खेळणाऱ्या मुला-मुलींसाठी दरवर्षी एक पुरस्कार सुरू करावा, हा विषय सर्वसाधारण सभेत निघाला तेव्हा दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काही सभासद म्हणाले, "चांगली मोठी ट्रॉफी द्या, हार घाला, फोटो काढा, पोरांना हुरूप येतो." काहींचं म्हणणं, "हे सगळं कशाला? आधीच पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत, त्यात आपणच बक्षीस द्यायचं!" निर्णय पुढच्या सभेवर गेला. तोपर्यंत सगळ्यांच्या हाती थोडा इतिहास असावा म्हणून हा लेख. क्रिकेटमध्ये होतकरू पोरांना आजवर कुणी कसं ओळखलं, काय दिलं आणि त्याचा उपयोग झाला की नाही, एवढंच यात पाहायचं आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. १८९०च्या दशकात पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात बाळू पळवणकर नावाचा एक तरुण महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा. खेळपट्टी लोळवायची, नेट बांधायचं, साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचे. ग्रेग नावाचे एक कॅप्टन त्या वेळचे नावाजलेले फलंदाज होते. ते रोज बाळूला गोलंदाजी करायला लावत, आणि त्याने आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे देत, असं सांगतात. महिन्याला चार रुपये पगार असलेल्या माणसाला एका विकेटचे आठ आणे म्हणजे किती, हे ज्याने त्याने मोजावं. पुढे हाच बाळू १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. बाळू चर्मकार समाजातला. मैदानात त्याने टाकलेला बॉल सगळ्यांना चालायचा, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही बरंच भांडण झाल्यावर. आठ आणे मिळाले, पण मान मिळायला एक पिढी जावी लागली. बक्षीस देणं सोपं असतं, माणसाला बरोबरीने बसवणं अवघड असतं. कुठलाही पुरस्कार ठरवताना ही गोष्ट पहिल्यांदा आठवावी.

त्यानंतर साधारण नव्वद वर्षांनी मुंबईच्या शिवाजी पार्कवर असाच प्रकार दिसतो. रमाकांत आचरेकर सर सरावाच्या शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिन तेंडुलकरला जो बाद करेल त्याला तो रुपया. कुणीच बाद करू शकलं नाही तर रुपया सचिनचा. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पुढे कोट्यवधी कमावणाऱ्या माणसाला ती तेरा नाणी मोलाची वाटतात, याचं कारण काय? रुपया छोटा होता, पण तो देणारा माणूस रोज मैदानावर उभा होता. थकलेल्या पोराने शेवटची पंधरा मिनिटंही लक्ष देऊन खेळावं, यासाठी तो रुपया होता.

आता शाळांकडे येऊ. मुंबईत शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि तिच्याहून लहान मुलांसाठी जाईल्स शील्ड त्यानंतर थोड्याच वर्षांत आली. शंभर वर्षांहून अधिक काळ या स्पर्धा चालू आहेत. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्डच्याच सामन्यात शारदाश्रमच्या विनोद कांबळी आणि सचिनने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण ती आपल्यापर्यंत पोचली कशी? सीमारेषेबाहेर बसून कुणीतरी स्कोअरबुकात प्रत्येक बॉल लिहीत होतं म्हणून. आपल्याकडे गावोगाव किती पोरांनी किती धावा केल्या असतील, त्यांची कुठे ओळसुद्धा नाही. मुंबईतून इतके खेळाडू का आले, याचं एक साधं उत्तर हे आहे की तिथे दरवर्षी, न चुकता, त्याच स्पर्धा होत राहिल्या आणि त्यांची नोंद होत राहिली.

तरीही नोंद करणारे आणि निवड करणारे चुकतातच. १९८७ साली मुंबईच्या क्रिकेट संघटनेचा सर्वोत्तम कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार सचिनला मिळेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. तो मिळाला नाही. चौदा वर्षांचं लेकरू, हिरमुसलंच असणार. तेव्हा सुनील गावस्करांनी त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. मतितार्थ असा, की वाईट वाटून घेऊ नकोस, हा पुरस्कार मिळालेल्यांची जुनी यादी पाहिलीस तर त्यात एक नाव सापडणार नाही, आणि त्या माणसाने कसोटी क्रिकेटमध्ये काही वाईट कामगिरी केलेली नाही! म्हणजे ते स्वतःच. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८९मध्ये, सचिन कराचीला पहिली कसोटी खेळला. त्या वर्षी पुरस्कार कुणाला मिळाला हे आज फारसं कुणी सांगू शकणार नाही. पत्र मात्र सगळ्यांना माहीत आहे. पुरस्कार एकालाच देता येतो. ज्याला मिळाला नाही त्याच्याशी दोन शब्द बोलायला मात्र खर्च लागत नाही.

कौतुकाला उशीर झाला की काय होतं, त्याचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १७ सप्टेंबर १९४८ला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. तेवढ्यात समोरच्या संघाने मधल्या सुट्टीनंतर मैदानात यायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. भाऊसाहेबांना पुढे एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. क्रिकेट मंडळाने जीवनगौरव म्हणून सी. के. नायडू पुरस्कार दिला, पण तोवर पन्नासहून अधिक वर्षं उलटली होती. म्हातारपणी घातलेला हार चांगलाच, पण त्या माणसाला गरज तिशीत होती.

आणि घाई झाली तर? जानेवारी २०१६मध्ये कल्याणला रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. एका डावात हजार धावा जगात त्याआधी कुणी केल्या नव्हत्या. १८९९ सालचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला पाच वर्षं दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. टीव्हीवाले, पुढारी, सत्कार, सगळं झालं. पुढच्या वर्षी मनासारख्या धावा होईनात, तेव्हा वडिलांनीच संघटनेला कळवलं की सध्या शिष्यवृत्ती थांबवा. केवढा स्वाभिमान! पण एका डावाच्या कौतुकाचं ओझं पोराच्या खांद्यावर किती पडतं, तेही यातून कळतं. मदतीचा हेतू चांगलाच होता. आपण शिकायचं ते एवढंच, की मदत चालू राहण्यासाठी पोराने दर महिन्याला शतक ठोकलं पाहिजे, असं त्याला वाटता कामा नये.

कुणी म्हणेल, हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं, आपल्या मराठवाड्याचं काय? आपल्याकडचाही हिशेब मांडू. डिसेंबर २००१मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत तीन जणांनी पदार्पण केलं. त्यातले दोघे मराठवाड्यात जन्मलेले, बीडचा संजय बांगर आणि औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, इक्बाल सिद्दिकी. भारत तो सामना दहा गडी राखून जिंकला. बांगरला मात्र रणजी खेळण्यासाठी रेल्वेच्या संघात जावं लागलं होतं. २०२२मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर होता. साडेतीन शक्तिपीठांतलं तुळजापूर, तसंच आपलं माहूर. भवानीमातेच्या गावचं पोरगं जातं, तर रेणुकामातेच्या गावचं का जाणार नाही?

त्यानंतर आला बीडचा सचिन धस. फेब्रुवारी २०२४, १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर दक्षिण आफ्रिका. २४५ धावा हव्या होत्या आणि भारताचे चार गडी ३२ धावांत गेलेले. तिथून सचिनने ९६ धावा केल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावा जोडल्या आणि सामना ओढून आणला. बीडमध्ये त्याच्या सरावाला पुरी टर्फ खेळपट्टीही नव्हती, अर्ध्या टर्फवर तो शिकला. पण प्रशिक्षक अझहर शेख लहानपणापासून त्याच्या मागे उभे होते आणि आई-वडिलांचा हात पाठीवर होता. मैदान अर्धं असलं तरी चालून गेलं, कारण माणसं पुरी होती.

मुलींचं नाव घेतल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. सांगलीची स्मृती मानधना नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात निवडली गेली आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. २०१३मध्ये तिने वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. नऊ वर्षांच्या मुलीला "घरात बस" म्हणणारं कुणी भेटलं असतं तर? आपल्या आवारात संध्याकाळी मुलं खेळतात तेव्हा मुली जिन्यात बसून बघत असतात. त्यातली एखादी बघते आहे की शिकते आहे, हे आपल्याला कसं कळणार?

आता माहूरची अडचण पाहू. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. तिथलं क्रिकेट विदर्भ संघटनेच्या हातात, मुख्यालय नागपूर. नदीच्या अलीकडचे आपण महाराष्ट्र संघटनेत, मुख्यालय पुणे. यवतमाळ आपल्याला जवळ, पण नियमाने आपला रस्ता नांदेडला, सुमारे १३० किलोमीटर, आणि तिथून पुण्याला. विदर्भाने अकादमी काढून पोरं घडवली आणि २०१७-१८ साली पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेही आपण नदीच्या या काठावरून पाहिलं. आपल्या पोराला निवड चाचणीला जायचं तर पहाटेची एसटी, सोबत घरचं एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी, शहरात जेवण, कधी मुक्काम. बॅट चालते की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी गाडीभाडं.

म्हणून पुढच्या सभेपुढे माझ्या काही सूचना आहेत.

एक, पुरस्कार मुलगा आणि मुलगी असा दोन्ही द्यावा, आणि तो फक्त सोसायटीपुरता न ठेवता माहूर तालुक्यातल्या शाळांना खुला ठेवावा. वाडी-तांड्यावरचं लेकरूही त्यात आलं पाहिजे, आणि समारंभात ते पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलं पाहिजे.

दोन, ट्रॉफी छोटी असावी. उरलेल्या पैशातून वर्षभर निवड चाचणीचं भाडं, बूट, पॅड, हेल्मेट द्यावं. एकदा नाव ठरलं की वर्षभर धावा कमी झाल्या म्हणून मदत थांबवायची नाही.

तीन, निवड एका सामन्यावरून करू नये. त्यासाठी स्कोअरबुक लागेल. आपल्या सोसायटीतले निवृत्त गुरुजी आणि बँकेतली मंडळी हिशेबात पक्की आहेत, रविवारी दोन तास त्यांनी द्यावेत.

चार, पोरांच्या जन्मदाखल्याचे कागद वेळेत नीट करून द्यावेत. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये कागद तपासतात, लहान गटात हाडांची चाचणीही होते. शाळेच्या दाखल्यात एक तारीख आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यात दुसरी, असं झालं की खेळ बाजूला राहतो. हे काम आपल्यातला कुणीही कारकुनीची सवय असलेला माणूस करू शकतो.

पाच, ज्यांना पुरस्कार मिळाला नाही त्यांच्या घरी समितीतल्या एकाने जाऊन यावं. चहा घ्यावा, पोराशी बोलावं.

आणि "अभ्यासाचं काय?" असं विचारणाऱ्या सभासदांना एक सांगतो. शंभरातले नव्व्याण्णव भारताकडून खेळणार नाहीत, हे मलाही कळतं. पण पहाटे उठणं, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणं, आपल्या नावापुढे पुस्तकात काय लिहिलं गेलं ते मान्य करणं, हे त्या नव्व्याण्णवांनाही उपयोगी पडेल. पुरस्कारासोबत शाळेतली हजेरीही बघू, म्हणजे तुमचीही काळजी मिटेल.

खर्च फार नाही. दरमहा देखभाल शुल्कासोबत प्रत्येक घराने थोडी रक्कम वेगळी दिली तरी वर्षाचं गाडीभाडं निघेल. ग्रेगसाहेबांचे आठ आणे होते, आचरेकर सरांचा एक रुपया होता. आपला आकडा काय असावा, ते पुढच्या सभेत सगळ्यांनी येऊन ठरवावं, ही विनंती.