लेट्राइलचा वाद: उपचार निवडण्याचा हक्क आणि औषधाचा पुरावा

लेट्राइल या औषधावरून १९७०च्या दशकात अमेरिकेत जेवढे रान उठले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही पर्यायी कर्करोग-उपचारावरून क्वचितच उठले असेल. जर्दाळूच्या बाठ्यातील कडवट गरात ॲमिग्डालिन नावाचे द्रव्य असते आणि त्याच्या विघटनातून सायनाइड सुटते. कडू बदामालाही विषारी मानतात ते याच द्रव्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर अर्नस्ट क्रेब्स आणि त्यांचे त्याच नावाचे चिरंजीव यांनी या द्रव्यावर आधारलेले औषध १९५०च्या सुमारास ‘लेट्राइल’ या नावाने पुढे आणले.

औषधामागची उपपत्ती ऐकायला सोपी होती. कर्करोगाच्या पेशींत सायनाइड मोकळे करणारे विकर भरपूर असते, तर निरोगी पेशींत सायनाइड निष्प्रभ करणारे विकर असते. त्यामुळे विष फक्त गाठीला मारते, असे सांगितले जाई. प्रयोगांत तसे काही आढळले नाही. पुढे उपपत्ती बदलली. लेट्राइल हे ‘ब-१७ जीवनसत्त्व’ असून त्याच्या कमतरतेने कर्करोग होतो, असा दावा सुरू झाला. याला शास्त्राचा आधार नव्हता. मात्र जीवनसत्त्व म्हटले की औषधांचे कडक नियम टाळता येतील, असा मार्ग त्यातून दिसत होता.

हे नियम नुकतेच कडक झाले होते. १९३८च्या अमेरिकी कायद्यानुसार नवे औषध सुरक्षित असल्याचे दाखवावे लागे. थॅलिडोमाइड या औषधामुळे युरोपात हजारो बाळे व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतर १९६२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि औषध गुणकारी असल्याचा पुरावाही सक्तीचा झाला. असा पुरावा लेट्राइलच्या बाजूने कधीच सादर झाला नाही. कॅलिफोर्नियाने १९६३मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. रुग्ण सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना शहरातल्या दवाखान्यांत जाऊ लागले आणि औषध चोरट्या मार्गाने देशात येऊ लागले.

१९७२मध्ये कॅलिफोर्नियातील एका डॉक्टरला लेट्राइल दिल्याबद्दल अटक झाली, आणि प्रकरण दवाखान्यातून राजकारणात आले. त्याच्या समर्थकांनी उपचारस्वातंत्र्याची समिती स्थापन केली. तिचे अनेक पुढारी कट्टर उजव्या जॉन बर्च सोसायटीचे होते. औषध लागू पडते की नाही, हा प्रश्न मागे पडला. मरणाच्या दारातील माणसाने काय घ्यावे हे सरकारने का ठरवावे, हा प्रश्न पुढे आला. मूळ प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधावे लागते, दुसऱ्यावर मात्र कोणालाही मत देता येते. चळवळीचे बळ त्यातच होते.

वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांनी हा वाद घरोघरी नेला. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग संस्थेत कानेमात्सु सुगिउरा या ज्येष्ठ संशोधकाला उंदरांवरील प्रयोगांत एक वेगळी गोष्ट आढळली होती: लेट्राइलने मूळ गाठ कमी झाली नाही, पण फुप्फुसात पसरणारा रोग कमी दिसला. इतर संशोधकांना तसा निष्कर्ष मिळाला नाही. १९७७मध्ये संस्थेने पत्रकार परिषदेत औषध निरुपयोगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा पत्रकारांच्या प्रश्नाला उत्तर देताना सुगिउरा आपल्या निरीक्षणावर ठाम राहिले. संस्थेच्या जनसंपर्क विभागातील राल्फ मॉस यांनी माहिती दडपल्याचा जाहीर आरोप केला आणि त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. सत्य लपवले जात आहे, या संशयाला त्यामुळे खतपाणी मिळाले.

दबाव विधिमंडळांपर्यंत पोहोचला. १९७६मध्ये अलास्काने लेट्राइलला कायदेशीर मान्यता दिली. इंडियानाचे गव्हर्नर ओटिस बोवेन स्वतः डॉक्टर होते. त्यांनी १९७७मध्ये नकाराधिकार वापरला, तो विधिमंडळाने मोडून काढला. अशी मान्यता देणाऱ्या राज्यांची संख्या पुढे वीसच्या वर गेली. तरीही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा औषधांचा व्यापार संघराज्याच्या कायद्याखाली असल्याने या मान्यतेचा प्रत्यक्ष उपयोग मर्यादितच राहिला.

रुग्णांच्या वतीने ग्लेन रदरफर्ड आणि इतरांनी न्यायालयात दाद मागितली. ज्याचा मृत्यू अटळ आहे त्याच्या बाबतीत ‘सुरक्षित’ आणि ‘गुणकारी’ या शब्दांना अर्थच उरत नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने जून १९७९मध्ये हा निकाल एकमताने फिरवला. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी निकालपत्रात जुन्या भोंदू कर्करोग-उपायांची यादीच दिली: टर्पेंटाइन, मोहरी, अंडी आणि अमोनियाचे लेप, रंगीत दिव्यांचे झोत, ग्लिसरीन आणि चीजचे मलम. मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णाचीच फसवणूक सर्वांत सोपी असते, म्हणून कायद्याचे संरक्षण त्यालाही हवे, हा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील एका दांपत्याने न्यायालयाचा आदेश झुगारून रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या आपल्या लहान मुलाला तिहुआनाला नेले. ऑक्टोबरमध्ये तो मुलगा दगावला.

शेवटी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने मेयो क्लिनिकचे चार्ल्स मोर्टेल यांनी इतर कर्करोग केंद्रांसह प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी केली. १७८ रुग्णांना लेट्राइल, विशेष आहार आणि जीवनसत्त्वे देण्यात आली. जानेवारी १९८२मध्ये अहवाल आला: कोणीही बरे झाले नाही, आयुष्य वाढल्याची चिन्हे दिसली नाहीत आणि काही रुग्णांच्या रक्तातील सायनाइड घातक पातळीजवळ पोहोचले होते. त्याआधी, १९८०मध्ये, मेक्सिकोत लेट्राइलसह उपचार घेणारे अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांचे निधन झाले होते. लेट्राइलचा जोर ओसरला.

उपचार निवडण्याच्या हक्काची मागणी मात्र संपली नाही. १९९२मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांत पर्यायी उपचारांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र कार्यालय निघाले. १९९४च्या कायद्याने आहारपूरकांना विक्रीपूर्व मंजुरीतून मोकळीक दिली. मे २०१८मध्ये ‘राइट टू ट्राय’ कायदा झाला. जिवावर बेतलेल्या आणि मान्य उपचार संपलेल्या रुग्णाला मंजुरीपूर्वीचे औषध मागण्याची मुभा त्याने दिली, पण दोन अटी ठेवल्या: औषधाची मानवी चाचणीची पहिली पायरी पूर्ण झालेली हवी आणि पुढील तपासणी चालू हवी. औषध देण्याची सक्ती कंपनीवर नाही. रुग्णाच्या निवडीला जागा देतानाही पुराव्याची वाट सोडायची नाही, हे तत्त्व या कायद्यात निदान किमान पातळीवर टिकले आहे.