एक गोगलगाय अख्खं तळं कसं भरते?

घरी फिश टँक ठेवणाऱ्यांना ‘मलेशियन ट्रम्पेट स्नेल’ ओळखीची असते. साधारण इंचभर लांब, निमुळता शंख. उरलेलं खाद्य आणि शेवाळ खाते म्हणून अनेकजण तिला मुद्दाम ठेवतात. अमेरिकेत शोभेचे मासे वाढवणाऱ्यांना मात्र तीच गोगलगाय नकोशी झाली आहे.

तिचं शास्त्रीय नाव मेलानॉइडिस ट्यूबरक्युलाटा. ती मूळची आफ्रिका आणि आशियातली. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही सापडते, त्यामुळे भारतात ती परकी नाही. अमेरिकेत ती अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून पोचली आणि फ्लोरिडा, टेक्सासच्या उबदार पाण्यात रुळली. शोभेच्या माशांची शेती फ्लोरिडातच एकवटलेली, त्यामुळे फटकाही तिथेच बसला.

या गोगलगायींत बहुतेक माद्याच असतात आणि पिल्लांसाठी त्यांना नराची गरज लागत नाही. अंडी मादीच्या शरीरातच उबतात, बाहेर येतात ती थेट शंख असलेली पिल्लं. म्हणजे पाणवनस्पतीच्या मुळाशी चिकटून एक जरी तळ्यात आली, तरी पुरे.

मासे का मरतात?

गोगलगाय माशांना काही करत नाही. करतो तो तिच्यातून येणारा सेंट्रोसेस्टस फॉर्मोसॅनस नावाचा कृमी. बगळ्यासारख्या पक्ष्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात पडतात आणि गोगलगायीच्या पोटात जातात. तिथे वाढलेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात सुटतात आणि माशांच्या कल्ल्यांत शिरून गाठी करतात. कल्ले सुजतात, वाकडे होतात, माशाला श्वास पुरत नाही. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की असे मासे आधी मरतात. तो मासा पक्ष्याने खाल्ला की चक्र पुन्हा सुरू. टेक्सासच्या कोमल नदीत ‘फाउंटन डार्टर’ या धोक्यात असलेल्या छोट्या माशालाही हाच कृमी छळतो.

मग तळं रिकामं करून धुवायचं?

सांगायला सोपं आहे! शंखाच्या तोंडाला घट्ट झाकण असतं. ते मिटलं की गोगलगाय कोरड्यात काही दिवस तग धरते, नेहमीच्या जंतुनाशकातूनही वाचू शकते. दिवसा बऱ्याचदा ती गाळात दडून बसते. जाळी, बादल्या यांच्यासाठी साधा उपाय म्हणजे सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं बुडवणं. अख्ख्या तळ्याला तो लागू होत नाही, तिथे चुना वगैरे वापरून बघावं लागतं. म्हणूनच नवीन वनस्पती आणि मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवून तपासणं सगळ्यात स्वस्त पडतं.

गोगलगायी खाणारा मासा सोडण्याचा प्रयोगही अमेरिकेत झाला. इतर जातींच्या गोगलगायींचा त्रास असलेल्या तळ्यांत आशियातला ब्लॅक कार्प सोडला गेला. तो निसटून नद्यांत गेला आणि २००७ मध्ये अमेरिकी सरकारने त्यालाच घातक प्रजातींच्या यादीत टाकलं. आज मिसिसिपीच्या खोऱ्यात तो स्वतःच वाढतोय आणि तिथले शिंपले फोडून खातोय.