हिरव्या कागदाची खोली

१८०६ साली इंग्लंडात एक विलक्षण कायदा झाला. घराच्या भिंतींना आतून चिकटवायच्या रंगीत कागदावर तेव्हा कर असे, आणि कर भरल्याचा सरकारी शिक्का कागदाच्या पाठीवर मारीत. हा शिक्का कुणी खोटा मारला, तर देहान्ताची शिक्षा! कागदाच्या भेंडोळ्यापायी माणूस फासावर, हे ऐकून श्रोत्यांना हसू येईल. पण या कागदापायी माणसे खरोखरच दगावली आहेत, आणि त्यात शिक्क्याचा काही संबंध नव्हता. ती हकीकत आज सांगायची आहे.

आपण भिंतीला चुना देतो, मातीची भिंत असली तर सारवतो. विलायतेत श्रीमंत लोक भिंतींवर विणकामाचे भारी पडदे सोडीत. रंगीत कागद ही त्याची स्वस्त नक्कल. लाकडी ठशांनी एकेक रंग उठवून कागद छापायचा, पिठाची खळ करून ती त्याच्या पाठीला लावायची, आणि छतापासून खाली एकेक पट्टा सोडीत भिंतीवर बसवायचा. मधली हवा ब्रशाने दाबून काढली नाही, तर फुगे राहतात. पट्ट्याला पट्टा असा भिडवायचा, की वेलीचे अर्धे पान इकडे आणि अर्धे तिकडे, पण जोड दिसता कामा नये. मोठे नजरेचे काम बघा. ही खळ मात्र लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

कर बसला १७१२ साली, ॲन राणीच्या अमदानीत. चौरस यार्डाला एक पेनी, दोन वर्षांनी दीड पेनी. लोकही वस्ताद. ते कोरा कागद आणून भिंतीला लावीत आणि मग त्यावर नक्षी उठवून घेत. अखेर १८३६ साली हा कर उठला. १८३९ मध्ये लँकेशरमधल्या डार्वेन गावच्या पॉटर मंडळींनी रुळांवर कागद छापणारे यंत्र काढले आणि भाव कोसळले. जो कागद पूर्वी सरदारांच्या दिवाणखान्यात, तो आता मजुराच्या एकुलत्या खोलीत आला.

या कागदांत लोकांचा फार आवडता रंग हिरवा. काजळी आणि धुक्याच्या शहरात माणसाला पानाचा रंग हवासा वाटला, तर नवल नाही. स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली तांबे आणि आर्सेनिक यांच्या संयोगाने एक हिरवा रंग तयार केला होता. १८१४ मध्ये बव्हेरियातल्या श्वाइनफुर्टला त्याहून तेजस्वी हिरवा निघाला. आर्सेनिक म्हणजे काही परका पदार्थ नव्हे. त्याची पांढरी भुकटी म्हणजे आपला सोमल. तोच गंधकाशी मिळाला, की हरताळ आणि मनशीळ होतात. पोथीत चुकलेले अक्षर झाकायला हरताळ फाशीत, त्यावरून तो वाक्प्रचार आला, हे शिक्षकांना ठाऊक असेलच. श्वाइनफुर्टचा हिरवा पुढे पॅरिस ग्रीन या नावाने अमेरिकेत बटाट्यावरची कीड मारायला वापरला गेला. हिंदुस्थानातही हिवतापाच्या डासांच्या अळ्या मारण्यासाठी त्याची भुकटी पाण्यावर टाकीत. किडे मारणारा हा रंग तिकडे मुलांच्या निजायच्या खोलीत भिंतभर लावलेला होता!

१८६२ साली पूर्व लंडनच्या लाइमहाउस भागात एका गरीब कुटुंबातली चार मुले एकामागून एक गेली. घसा धरला होता, म्हणून आधी घटसर्प वाटला. पण शेजारीपाजारी कुणाला लागण नाही. डॉक्टरांचे लक्ष खोलीच्या हिरव्या कागदाकडे गेले. डॉ. लेथबी यांनी तो तपासला आणि त्यात सोमल निघाला. त्या आईबापांनी हौसेने खोली सजवली असेल, ती मुलांसाठीच ना?

कारखानदार मात्र मानीनात. एकाच घरात एक माणूस आजारी आणि दुसरा ठणठणीत, मग दोष कागदाचा कसा, असे ते विचारीत. सुंदर नक्षीच्या कागदांसाठी जगभर नाव असलेला विल्यम मॉरिससुद्धा त्यांतलाच. श्रमिकांची बाजू घेणारा हा माणूस, पण त्याच्या घरचा पैसा डेव्हनमधल्या ज्या खाणीत होता, तिथूनच आर्सेनिक निघे. डॉक्टरांना चेटकाच्या भीतीसारखे वेड लागले आहे, अशा अर्थाचे त्याने १८८५ मध्ये लिहिले. २००३ साली त्याच्या एका जुन्या कागदाचा तुकडा तपासला, तेव्हा हिरव्या रंगात आर्सेनिक सापडले. शिक्क्यासाठी फाशी ठेवणाऱ्या इंग्लंडने या विषारी कागदावर बंदीचा कायदा कधीच केला नाही. गिऱ्हाइके घाबरून बिनसोमली कागद मागू लागली, आणि कारखानदार हळूहळू वळले.

पण भिंतीवरचे विष माणसापर्यंत पोचते कसे? १८९१ च्या सुमारास इटलीत गोसिओ याने बटाट्याच्या लगद्यात सोमल मिसळून त्यावर बुरशी वाढवली. तेव्हा लसणासारख्या वासाचा एक वायू सुटला. आता ती खळ आठवा. ओलसर भिंतीत बुरशी पोसायला पिठाची खळ आयतीच मिळाली, आणि रंगातले आर्सेनिक वायुरूपाने बाहेर पडू लागले, असा त्याचा निष्कर्ष. अलीकडच्या शास्त्रज्ञांच्या मते मात्र हा वायू वाटला होता तेवढा विषारी नाही. कागदावरून झडणारी रंगाची धूळच अधिक घातक असावी. रांगती मुले तर धुळीतच वावरतात.

आता एक गोष्ट रेडिओची. सेंट हेलेना बेटावर नेपोलियन १८२१ साली वारला. १९८० मध्ये डेव्हिड जोन्स या शास्त्रज्ञाने बीबीसीवर बोलताना सहज विचारले, की नेपोलियनच्या खोलीतल्या कागदाचा रंग कुणाला माहीत आहे काय? एका श्रोत्या बाईंचे उत्तर आले. त्यांच्या घरच्या जुन्या चिकटवहीत त्या खोलीतल्या कागदाचा खरा तुकडाच होता. बेटावर गेलेल्या कुणा प्रवाशाने तो भिंतीवरून फाडून आणलेला. तपासणीत आर्सेनिक निघाले. जीव घेण्याइतके नव्हे, पण आजारी माणसाचा आजार वाढवण्याइतके. नेपोलियन गेला तो पोटाच्या कर्करोगानेच, असे बहुतेक डॉक्टर मानतात. त्याचा तो बंगला भारी दमट. भिंतींवर बुरशी चढायची. तिथला हा एक तुकडा वहीत कोरडा राहिला, म्हणून त्यावरची चांदणी अजून ओळखू येते.