येरवड्याचे गालिचे : आदिलशाही नक्षी आणि कैद्यांचे हात

येरवडा तुरुंग म्हटले की १९३२ चा पुणे करार आणि गांधीजींचा चरखा आठवतो. जुन्या गालिच्यांच्या संग्राहकांना मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कैदी गालिचे विणत असत आणि त्यांतील काहींचे नमुने थेट आदिलशाही विजापुरातून आले होते.

विजापूरचा आसार महाल मुहम्मद आदिलशहाने १६४६ च्या सुमारास बांधला. आरंभी तो न्यायदानासाठी होता. पुढे पैगंबरांचा पवित्र अवशेष तेथे ठेवला गेला. १६८६ साली औरंगजेबाने आदिलशाही बुडवली, तरी या महालातील जुने गालिचे टिकून राहिले. धार्मिक स्थान लाभल्यामुळेच बहुधा ते वाचले. त्यांची वेलबुट्टी आणि किनार इराणी वळणाची आहे. ते दख्खनमध्येच विणले गेले की उत्तरेकडून आले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

येरवड्यात या गालिच्यांच्या प्रतिकृती का विणल्या गेल्या? १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर युरोपातील श्रीमंत घरांना पौर्वात्य गालिच्यांचे वेड लागले. इराणी माल महाग पडे आणि सावकाश मिळे. हिंदुस्थानातील तुरुंगांत माणसे होती, वेळ होता आणि मजुरीचा प्रश्नच नव्हता. आग्रा, लाहोर, येरवडा येथे माग उभे राहिले. व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर किल्ल्यातील वॉटर्लू दालनाचा प्रचंड गालिचाही आग्र्याच्या कैद्यांनीच विणलेला आहे.

या व्यवहारावर सर्वांत कठोर टीका केली ती बेळगावात जन्मलेल्या (१८३२) जॉर्ज बर्डवूडने. राणीच्या बागेतले संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, उभे करण्यात त्याचा मोठा वाटा होता. १८८० च्या आपल्या ग्रंथात त्याने तुरुंगांच्या स्पर्धेने परंपरागत विणकर देशोधडीला लागतो आणि नक्षी बिघडते, असे ठणकावून सांगितले. बर्डवूडची ‘अस्सल हिंदी कले’ची कल्पना साहेबी भाबडेपणाने भरलेली होती, हे खरे; पण फुकटच्या श्रमाशी स्वतंत्र कारागीर भावात टिकू शकत नाही, हा त्याचा मुद्दा खोडून काढणे कठीण आहे.

दुसरे संकट रंगांचे होते. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला आणि काही दशकांतच मंजिष्ठ व नीळ यांच्या जागी स्वस्त रासायनिक रंग आले. आरंभीचे हे रंग उजेडात विटत. म्हणूनच जाणता ग्राहक आजही गालिच्याची लव बोटांनी फाकवून पाहतो. टोकाशी फिका आणि मुळाशी भडक असा एकाच धाग्यात मोठा फरक दिसला, तर तो सावध होतो. मग तो गालिचा उलटा करतो आणि पाठीवरच्या गाठी न्याहाळतो. ‘इराणी गाठ’ म्हणून ओळखली जाणारी गाठ हिंदुस्थानातही सर्रास वापरली जात असल्याने केवळ गाठ पाहून मूळ ठिकाण ठरवता येत नाही, हे मात्र विक्रेते क्वचितच सांगतात.

मूळ ठिकाणाचा एवढा आग्रह कशासाठी? कारण किंमत त्यावर ठरते. १८९३ साली लंडनच्या संग्रहालयाने विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून अर्दबीलचा गालिचा २,००० पौंडांना घेतला. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारणारी होती. त्या गालिच्यावर हिजरी ९४६ (इ. स. १५३९-४०) हे साल आणि मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. येरवड्याच्या गालिच्यांवर कोणा विणकराचे नाव शोधून सापडत नाही. गंमत अशी की, बर्डवूडने ज्यांना नाके मुरडली तेच तुरुंगी गालिचे आज लिलावांत ‘अँटिक’ म्हणून विकले जातात आणि यादीत कारागिराच्या जागी तुरुंगाचे नाव छापले जाते.

अंधेरी-घाटकोपरच्या एखाद्या घरात पणजोबांच्या काळचा असा गालिचा निघालाच, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आठवावा. शंभर वर्षांहून जुना गालिचा पुरावस्तूत मोडतो. तो देशात विकता येतो. परदेशी नेण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारने वा त्याने नेमलेल्या संस्थेने स्वतःकडेच ठेवला आहे.