खिसे नसलेले कपडे आणि एक परवाना

गेल्या वर्षी दिवाळीचे फटाके कुठे ठेवायचे यावरून आमच्या कमिटीत चांगलीच जुंपली. एके ठिकाणी मोठी खोकी घाऊक भावात मिळत होती. मी उत्साहाने म्हणालो, "ठेवूया की माझ्या गॅरेजमध्ये, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे!" त्यावर एक काका शांतपणे म्हणाले, "आणि परवान्याचं काय?" मी मनात म्हटलं, झालं, इथेही लाल फीत!

मी पडलो कॉम्प्युटर इंजिनियर. काकांना चूक ठरवावं म्हणून रात्री वाचायला बसलो आणि सापडला तो १५० वर्षांचा इतिहास. त्यातला काही भाग तर अगदी आपल्या क्रॉयडनचा!

२ ऑक्टोबर १८७४ ची पहाट. लंडनच्या रीजंट्स कॅनॉलमधून 'टिलबरी' नावाची बोट चालली होती. तिच्यात सुमारे ५ टन बंदुकीची दारू आणि सोबत पेट्रोलियमचा माल! मॅकल्सफील्ड पुलाखाली तिचा स्फोट झाला. बोटीवरचे तिघे गेले, पूल उडाला. लोक त्या पुलाला आजही 'ब्लो-अप ब्रिज' म्हणतात. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, स्फोटकांचा कायदा आला. त्याच्यामागे व्हिव्हियन मॅजेंडी या लष्करी अधिकाऱ्याचे मोठे परिश्रम होते.

या कायद्यातली कामाची वाटणी मला फार आवडली. कारखान्याचा परवाना गृहमंत्र्यांकडून, पण त्या जागेला स्थानिक संस्थेची संमती लागे. त्यासाठी जाहीर नोटीस द्यायची आणि आसपासच्या लोकांच्या हरकती ऐकायच्या. दारूच्या लहान कोठाराचा परवाना तर स्थानिक संस्थाच देई, आणि किरकोळ दुकानदाराने तिच्याकडे नाव नोंदवायचं. कारण सरळ आहे. शेजारी शाळा आहे की घरं आहेत, हे लंडनच्या मंत्र्याला कसं कळणार? ते गावालाच माहीत!

कारखान्याच्या आतले नियमही वाचण्यासारखे. धोक्याच्या इमारतीत काम करताना खिसे नसलेले कपडे घालायचे. का? खिशात काडेपेटी राहू नये म्हणून! आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक व्हॅलिडेशनमागे एखादा जुना बग असतो. इथे फरक इतकाच, की बगने माणसं मारलेली असतात.

आता क्रॉयडन. ब्रॉक ही इंग्लंडची एक नामांकित फटाक्यांची कंपनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिचा कारखाना साउथ नॉरवुडला होता, म्हणजे आज आपण ज्या रस्त्यांवरून ट्रेन पकडायला धावतो तिथेच कुठेतरी. जवळच क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६५ पासून ब्रॉकची आतषबाजी बघायला गर्दी लोटत असे. म्हणजे फटाक्यांचा शौक या गावाला आपल्या आधीपासून आहे, फक्त त्याला नियमांचं कुंपण होतं.

मग नियम असूनही स्फोट का होतात? मला सापडलेलं उत्तर एकच: घाई. पहिल्या महायुद्धात सरकारला टीएनटी हवं होतं, म्हणून पूर्व लंडनमधल्या सिल्व्हरटाउनच्या दाट वस्तीत त्याचं शुद्धीकरण सुरू केलं. १९ जानेवारी १९१७ ला तिथे स्फोट झाला आणि ७३ माणसं गेली. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुंबईत तेच. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या! १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये दोन स्फोट झाले. एका अंदाजाप्रमाणे सुमारे ८०० माणसं दगावली, त्यात आग विझवायला धावलेले ६६ जवान होते. त्यांच्या आठवणीत भारतात दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

मुंबईला नियम नव्हते का? होते! भारताचा स्फोटकांचा कायदा १८८४ चा. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही कलम ३९४ आहे, धोकादायक माल साठवायला पालिकेचा परवाना लागतो म्हणून. शहरातल्या एखाद्या दुकानदाराला जे चाललं नसतं, ते युद्धाच्या घाईत बंदरात चालून गेलं.

इथे आता २०१४ चे नियम आहेत. दुकानदाराचा साधारण २००० किलोपर्यंतचा साठा स्थानिक यंत्रणेच्या अखत्यारीत येतो, जागेनुसार कौन्सिल किंवा अग्निशमन दल. आणि गंमत म्हणजे २००४ च्या फटाक्यांच्या नियमांत दिवाळीचं चक्क नाव घेतलेलं आहे! एरवी रात्री ११ नंतर फटाके बंद, पण दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत परवानगी.

ज्या देशाच्या कायद्याने आपल्या सणाला नावानिशी जागा दिली, तिथे मी शेजाऱ्याच्या भिंतीला लागून खोकी रचायला निघालो होतो. त्या भिंतीपलीकडे त्यांचं तान्हं बाळ झोपतं. मलाही घाईच होती, फक्त युद्धाऐवजी डिस्काउंटची!

पुढच्या मीटिंगमध्ये मी काकांची माफी मागितली. फटाके कमी घेतले, परवाना असलेल्या दुकानातून आणि त्याच दिवशी. मुलांनी फुलबाज्या लावल्या, काका पाण्याची बादली घेऊन शेजारी उभे. माझं गॅरेज रिकामंच राहिलं. यंदाही रिकामंच आहे.